शंभराला वीस

स्विचच्या कारखान्यात त्याला सगळे अर्थमंत्री म्हणत. हे नाव त्याला ग्रंथालयामुळे मिळालं. ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी ‘सामान्य नागरिकासाठी अर्थशास्त्र’ असा फुकट वर्ग सुरू झाला, आणि शाळा सुटल्यापासून ज्याने वर्तमानपत्राचं फक्त शेवटचं पान वाचलं होतं तो माणूस वही घेऊन पहिल्या रांगेत जाऊन बसू लागला. त्याआधी त्याला कुणी काहीच म्हणत नसे, आणि खरं सांगायचं तर तेच बरं होतं. शिकणं वाईट नसतं. पण काही माणसं अर्ध्या हळकुंडाने पिवळी होतात, आणि हा तर नुसत्या वासानेच पिवळा झाला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. मधोमध टेबल, त्याभोवती सात जण. प्रत्येकापुढे चार वाट्या: स्प्रिंगा, पितळी पट्ट्या, स्क्रू आणि पांढरी बटणं. एकेका वाटीतून एकेक उचलत स्विच जोडायचा, पेचकसाने दोन स्क्रू आवळायचे, खोक्यात टाकायचा. पन्नास झाले की वर आपल्या नंबराची चिठ्ठी. खोका जाई टेस्टिंगवाल्याकडे. तो प्रत्येक स्विच दोनदा दाबून बघे. दिवसभर टकटक ऐकून आपल्याला माणसांचं बोलणं ऐकू येत नाही असं तो सांगे, पण ऐकू सगळं येई. शंभर स्विचना वीस मिळत.

त्या टेबलाचा एक नियम होता. तो कुठे लिहिलेला नव्हता आणि मॅनेजरला ठाऊक नव्हता. दिवसाला तीनशे, म्हणजे सहा खोके, याच्या वर कुणी जायचं नाही. ज्यांचा हात चालता त्यांचे सहा खोके तीन वाजताच भरत. मग ते स्प्रिंगा सरळ करत, वाट्या पुसत, दर दहा मिनिटांनी पाणी प्यायला उठत. मॅनेजरने आपल्या खोलीच्या काचेतून पाहिलं तर सगळे कामात दिसत. आणि नियमाचा दुसरा भाग असा, की रोज पाळीपाळीने कुणीतरी एक जादा खोका भरायचा आणि त्यात सात नंबरची चिठ्ठी टाकायची.

सात नंबर म्हणजे अक्का. अर्थमंत्र्याची सख्खी थोरली बहीण. बावीस वर्षं पेचकस फिरवून तिचं उजवं मनगट सुजलेलं असे. त्यावर कापडाची पट्टी घट्ट गुंडाळून ती काम करी आणि कशीबशी अडीचशेपर्यंत पोचे. उरलेले पन्नास बाकीचे सहा जण भरून देत. आठवड्याचे दिवस सहा, माणसं सहा, प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एक खोका. अर्थमंत्र्याची पाळी शनिवारी. हा नियम कुणी उपकार म्हणून पाळत नव्हतं. आज तिचं मनगट, उद्या आपलं, एवढा हिशोब कुणालाही ग्रंथालयात न जाता येत होता.

अक्काचं लग्न झालं नव्हतं. भावाच्या घरी मागच्या खोलीत ती राही आणि पगाराच्या दिवशी अर्धे पैसे भावजयीच्या हातावर ठेवी. भावजय वाईट नव्हती. पण त्या पैशांमुळे ती चांगली होती, हे अक्काला माहीत होतं आणि भावजयीलाही. न बोललेल्या अशा गोष्टींवर पुष्कळ घरं उभी असतात.

वर्ग घेणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले होते. तिसऱ्या रविवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘माणूस प्रोत्साहनावर चालतो.’ त्याखाली लिहिलं, ‘फुकटा.’ मग समजावून सांगितलं, की दुसऱ्याच्या श्रमावर जगणारा एक जरी फुकटा गटात असला तर सगळ्या गटाचं नुकसान होतं, आणि सर्वांत जास्त नुकसान त्या फुकट्याचंच होतं, कारण तो आळशी राहतो. अर्थमंत्र्याने फुकटा या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. त्याच्या डोक्यात दिवा लागला. टेबलाभोवतीची माणसं इतकी वर्षं अंधारात चाचपडत होती आणि आपल्याला एकट्यालाच दिसायला लागलंय, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

त्या शनिवारी त्याने सात नंबरचा खोका भरला नाही.

घरी येताना अक्का म्हणाली, “आज विसरलास वाटतं.”

“विसरलो नाही. तुझ्याच भल्यासाठी आहे ते. आयतं मिळालं की माणूस हातपाय हलवत नाही.”

“माझा हात हलत नाही रे. प्रश्न तोच आहे.”

“प्रोत्साहन मिळालं की हलेल.”

अक्काने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. लहानपणी हा मुलगा काहीबाही तोंडात घाली तेव्हा ती अशीच बघे. “आणि सोमवारपासून मी साडेचारशे करणार आहे,” तो म्हणाला. “साडेचारशेचे नव्वद होतात. आपण साठावर का थांबतो? कुणी थांबवलंय?”

“मी थांबवलंय,” अक्का म्हणाली. “तू तेव्हा कामाला लागला नव्हतास. शंभराला तीस मिळायचे. माझा हात असा चालायचा की बघणारा दमेल. मी पाचशे करून दाखवले. सगळे टाळ्या वाजवत होते. दोन महिन्यांत तिसाचे वीस झाले. त्यांना कळलं ना, की होतात. तेव्हा आम्ही सगळ्यांनी बसून ठरवलं, तीनशे.”

“ते जुने मालक होते. आता स्पर्धा आहे. दर कापला तर चांगली माणसं दुसरीकडे जातील, हे त्यांना कळतं.”

“दुसरीकडे म्हणजे कुठे?”

त्या गावात स्विचचा दुसरा कारखाना नव्हता. पण वहीत तसं काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे अर्थमंत्री म्हणाला, “तत्त्वाचा प्रश्न आहे, अक्का.” आणि शहाण्यासारखा पुढे चालू लागला.

सोमवारी त्याने नऊ खोके भरले. मंगळवारीही नऊ. टेबलावर कुणी त्याच्याशी बोलेना. टेस्टिंगवाल्याने त्याचे स्विच दोनाऐवजी चारदा दाबून पाहिले, पण काम चोख होतं. मॅनेजर काचेच्या खोलीतून बाहेर आला. तो तसा गोड बोलणारा माणूस होता. मान कापतानाही आधी कॉलर नीट करील असा. “अर्थमंत्री,” तो म्हणाला, “जमतं कसं तुम्हाला?” आणि या भाबड्याने त्याला सगळं सांगितलं. वेग कसा असतो, तीन वाजता सगळ्यांचे खोके कसे भरतात, पाणी प्यायला कोण कितीदा उठतं. सात नंबरच्या चिठ्ठीचंही सांगितलं. चहाडी करायची म्हणून नव्हे, त्याच्या मनात पाप नव्हतं. उत्पादन वाढलं तर मालकाचा फायदा, मालकाचा फायदा तो आपला फायदा, अशी आकृती त्याने मॅनेजरच्याच कागदावर काढून दाखवली. मॅनेजरने ती नीट घडी घालून खिशात ठेवली.

तीन आठवडे अर्थमंत्र्याच्या घरात मजा होती. त्याने पंखा आणला. जेवताना तो बायकोला अर्थशास्त्र शिकवी आणि ती पंख्याखाली बसून कौतुकाने ऐके. ती हुशार होती. “संधी खर्च म्हणजे काय,” त्याने सांगितलं, “की एखादी वस्तू आपण अशी वापरतो, तर ती दुसऱ्या कशासाठी वापरली असती तर किती मिळालं असतं. जे मिळालं नाही, तोही खर्चच.” बायकोने घास तोंडाजवळ धरून थोडा विचार केला आणि म्हणाली, “हे मला पटलं.” अक्का समोर बसून डाव्या हाताने जेवत होती.

टेबलावरची बाकीचीही माणसंच होती. एकटा नव्वद नेतोय आणि आपण साठ, हे किती दिवस बघवणार? आधी दोघांनी वेग वाढवला, मग सगळ्यांनी. आता जादा खोका भरायला कुणालाच सवड नव्हती. अक्काच्या नावावर जेवढे ती करी तेवढेच दिसू लागले. अडीचशे. कधी दोनशे चाळीस.

महिनाअखेरीला काचेवर कागद लागला. एक तारखेपासून शंभराला तेरा. जो साडेतीनशेच्या खाली राहील त्याची गरज नाही.

अर्थमंत्र्याने तिथेच उभ्याउभ्या बोटांवर गुणाकार केला. साडेचारशेचे साडेअठ्ठावन्न. दीडपट काम, आणि आधीपेक्षा दीड कमी. त्याने पुन्हा गुणाकार केला. टेस्टिंगवाला मागून म्हणाला, “किती वेळा केलास तरी तेवढंच येणार. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ.” एवढं बोलून तो परत टकटक करायला बसला. अक्काने आपल्या चार वाट्या धुतल्या, पालथ्या घातल्या, पेचकस पुसून वर ठेवला आणि ती घरी गेली. बावीस वर्षांचं काम आवरायला तिला पाच मिनिटं लागली.

रविवारी अर्थमंत्री वर्गात उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं. सांगितल्यावर कुणीतरी आपली चूक दाखवील, किंवा निदान मालकाची तरी दाखवील, अशी त्याची आशा होती. व्याख्यात्यांचा चेहरा उजळला. “वा,” ते म्हणाले, “इतकं सुंदर उदाहरण मला पुस्तकात सापडलं नाही.” त्यांनी फळ्यावर एक कारखाना काढला आणि सात ठिपके. “बघा. किती काम होऊ शकतं ही माहिती कामगारांकडे होती, मालकाकडे नव्हती. ती माहिती हीच त्यांची मालमत्ता. यांनी ती फुकट देऊन टाकली.” वर्ग हसला. “पण समाजाचा फायदा झाला हं,” ते म्हणाले. “स्विच स्वस्त होतील.” आणि त्यांनी सातवा ठिपका डस्टरने पुसला.

परतताना अर्थमंत्री विजेच्या सामानाच्या दुकानात शिरला. स्विचची किंमत तीच होती. दुकानदार म्हणाला, पुढच्या महिन्यात वाढणार आहे.

आठ दिवस अक्का घरात बसून होती. झाडलोट करी, भांडी घाशी, कुणाच्या मध्ये येणार नाही अशी भिंतीकडेने चाले. नवव्या दिवशी जेवताना भावजय अगदी साध्या आवाजात म्हणाली, “अहो, त्या मागच्या खोलीचा संधी खर्च किती होत असेल?”

अर्थमंत्र्याने हातातला घास ताटात ठेवला. प्रश्न बरोबर होता. आपल्या विद्यार्थिनीने इतका बरोबर प्रश्न विचारावा आणि आपल्याला मान खाली घालावी लागावी, यासारखी नामुष्की नाही. त्याने उत्तर द्यायला हवं होतं. “ती माझी बहीण आहे,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याची त्याला लाज वाटली, खूप वाटली, पण लाज वाटूनही तो गप्प बसला. पंखा फिरत होता. अक्काने आपलं ताट उचललं आणि धुऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरकडे गेली. हे अर्थमंत्र्याने टेबलावरून काचेतून पाहिलं. आत काय बोलणं झालं ते त्याला मागाहून कळलं. अक्का म्हणाली, मला घरी काम द्या. तुमची जागा नको, दिवा नको, चहा नको. घरी मी रात्रीपर्यंत बसेन, माझं मनगट माझ्या वेळाने चालेल. मॅनेजरने विचारलं, “काय दराने?” तो दहा द्यायला तयार होता. अक्का म्हणाली, “सात.” गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पण तिला अक्कल होती. सात ही मागच्या खोलीची किंमत होती. तिला ती पहिल्याच बोलीत चुकती करायची होती, घासाघीस करून खोली गमवायची नव्हती.

संध्याकाळी अर्थमंत्र्यालाच अक्काच्या सुट्या भागांचा खोका घरी वाहून न्यावा लागला. टेबलावरचे सगळे बघत होते.

बारा तास बसून अक्का साडेतीनशे करी. साडेचोवीस मिळत. त्यातले निम्मे ती भावजयीला देई, आणि भावजय पुन्हा “वन्सं, जेवून घ्या” म्हणू लागली. दोन आठवडे असं चाललं आणि मग मॅनेजरने जे करायचं ते केलं. घरी सातात होणारं काम टेबलावर तेरात का करून घ्यायचं? टेबलाचा दर नऊ झाला. टेबलावरची एक बाई अर्थमंत्र्याच्या दारात येऊन अक्काला वाटेल ते बोलून गेली. अक्काने ऐकून घेतलं. “तुझं खरं आहे,” ती म्हणाली. “घरी नेणार असलीस तर माझ्याकडे ये. सहाने देईन.” बाई थुंकून निघून गेली आणि चौथ्या दिवशी परत आली.

अक्काने मॅनेजरशी ठरवलं, की प्रत्येक बाईशी हुज्जत घालण्यापेक्षा तुम्ही माझ्या एकटीशी बोला. माल मी वाटेन, मोजून मी आणेन. त्याचे सात मला द्या. मॅनेजरला हे एकदम पसंत पडलं. अक्का बायकांना सहा देई, वरचा एक तिचा. आधी तीन घरं होती, मग नऊ. तिचं मनगट आता पेचकसाला लागत नव्हतं, आणि सूजही उतरत चालली होती. ज्या बाईने टेबलाभोवती सगळ्यांना एकत्र बसवून तीनशेचा नियम केला, तीच आता घरोघरी जाऊन विचारी, “तुझे पाचशे का होत नाहीत?” टेस्टिंगवाल्याने तिलाही कुऱ्हाडीचा दांडा म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “दांड्याला कुणी विचारतं का, कुठे पडायचं ते?” आणि त्याच्याकडून मालाची पावती घेऊन निघून गेली.

टेबल मोडलं तेव्हा थंडी सुरू झाली होती. मॅनेजरने अर्थमंत्र्याच्या खांद्यावर हात ठेवला, तुमच्यासारखा माणूस मिळत नाही असं म्हणाला आणि त्याला घरी पाठवलं. दीड महिना तो काम शोधत हिंडला. ज्या माणसाला स्विच जोडण्याखेरीज काही येत नाही त्याने स्विचच्याच गावात काम शोधायचं, म्हणजे कोरड्या विहिरीत पोहरा सोडण्यासारखं होतं. वर्ग केव्हाच संपला होता. त्याला प्रमाणपत्रही मिळालं होतं. ते बायकोने कपाटाच्या वर ठेवलं, कारण भिंतीवर आता मालाची यादी लावलेली होती.

शेवटी एका सकाळी तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. खोली खोक्यांनी भरलेली होती. अक्का मध्ये बसून चिठ्ठ्या लावत होती. तिच्या हाताला पट्टी नव्हती.

“अक्का,” तो म्हणाला, “मलाही दे काम.”

“बस.”

“सहाने ना?”

“पाच.”

त्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो हसला सुद्धा. “बायकांना सहा देतेस.”

“सहाच्या खाली आले तर त्या सोडतील. त्यांच्या नवऱ्यांना कामं आहेत. तू सोडणार नाहीस.”

“मी तुझा भाऊ आहे.”

अक्काने हातातली चिठ्ठी खाली ठेवली. “मला तुझा राग येतो,” ती शांतपणे म्हणाली. “तू खोका भरला नाहीस म्हणून नाही. त्या दिवशी जेवताना मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. भाऊ हा शब्द तेव्हा लागत होता. तेव्हा तू गप्प बसलास.”

त्याला रडू येत होतं, आणि रडू येत असतानाही त्याच्या डोक्यात गुणाकार चालला होता. साडेचारशेचे पाचाने साडेबावीस. “साडेपाच तरी दे,” तो म्हणाला.

“साडेचार.”

तो पटकन खाली बसला, आणखी उतरेल या भीतीने. अक्काने त्याच्यापुढे चार वाट्या मांडल्या आणि पेचकस दिला. बऱ्याच दिवसांनी हातात घेतल्यामुळे पहिला स्क्रू त्याच्या बोटांतून निसटला आणि खोक्यांच्या मागे गेला. गुडघ्यांवर रांगत तो स्क्रू शोधू लागला.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. “वन्सं, चहा ठेवतेय. यांच्यासाठीही ठेवू का?”

“पहिले शंभर होऊ देत,” अक्का म्हणाली.